पुरेआत्याचं डोकं

माझ्या आत्याला समोरच्याचं बोलणं नकोसं झालं की ती ‘पुरे’ म्हणायची आणि उठून आत जायची. समोर कोण बसलंय, याच्याशी तिला देणंघेणं नसे. लग्नाची पत्रिका घेऊन आलेले लांबचे पाहुणे असोत की मतं मागायला दारात उभा राहिलेला उमेदवार, तिच्या लेखी सगळे सारखे. एकदा घरात पूजा चालू असताना गुरुजी कथा सोडून आपल्या मुलाच्या परदेशातल्या घराकडे वळले. त्या घराचं स्वयंपाकघर अजून दाखवून व्हायचं होतं, तोच आत्या म्हणाली, ‘‘पुरे,’’ आणि प्रसादाची परात उचलून आत घेऊन गेली. गुरुजींचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. तेव्हापासून गल्लीतले लहानमोठे तिला पुरेआत्या म्हणू लागले, आणि तिलाही ते नाव खऱ्या नावापेक्षा बरं वाटत असावं.

गेलेल्या माणसावर लिहिताना आवाज खाली ठेवायचा असतो, हे मला ठाऊक आहे. मला ते जमणार नाही. पुरेआत्या गेल्या वर्षी गेली, आणि ती इतक्यात जायला नको होती. आमच्या घरातल्या दोन शहाण्या पुरुषांनी डॉक्टरांनी सांगितलेली एक गोष्ट तिच्यापासून लपवली. का, तर घरातलं एक लग्न सुरळीत पार पडावं म्हणून. ती गोष्ट वेळेवर कानावर गेली असती तर आत्या आज ओट्यावर बसून कोथिंबीर निवडत असती. डॉक्टर याला ‘कदाचित’ म्हणतात. मी तो शब्द वापरणार नाही.

आमचं घर कुंभकोणमचं, सारंगपाणीच्या देवळामागच्या गल्लीतलं. तंजावरला मराठ्यांचं राज्य आलं तेव्हा आमचे कोणी पूर्वज इकडे आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. ‘झालं’ला ‘जालं’ आणि ‘मला’ला ‘मजला’ म्हणणारी आमची मराठी ऐकून पुण्यात माझ्या सासरची माणसं अजून हसतात. हसोत बापडी. हसण्यासारखं आमच्याकडे याहून बरंच काही आहे, आणि त्यात पहिला नंबर आमच्या डोक्यांचा.

आमच्या घराण्यात डोकी मोठी. नुसती मोठी नाहीत, त्यांचा इतिहास आहे. दरबारात मिळालेलं पागोटं कोणा पूर्वजाच्या डोक्याला पुरेना, म्हणून महाराजांनी दुसरं आणवून त्याला जोडून दिलं, असं सांगतात. खरंखोटं कोण पाहायला गेलंय? पण मुंजीत आणि लग्नात आमच्याकडे अजून दोन पागोटी जोडून बांधतात, आणि एक पुरलं नाही हे कोणीतरी वडीलधारा चार लोकांत मोठ्यानं सांगतो. मुलगा झाला की बाराव्या दिवशी त्याला घराण्याचं टोपडं घालतात. लाल खणाचं, जरीच्या काठाचं, मुद्दाम ऐसपैस शिवलेलं. ते बाळाला घट्ट बसलं तर घरात सण. मोठं डोकं म्हणजे मोठी अक्कल, हे आमच्याकडे कोणाला शिकवावं लागत नाही. आजोबांच्या मानेवर लिंबाएवढी गाठ होती, तीही याच थाटात उपरण्याखाली आयुष्यभर राहिली.

हा मान फक्त मुलग्यांच्या डोक्याला. पुरेआत्याचं डोकं तिच्या दोन्ही भावांपेक्षा मोठं होतं, पण तिला टोपडं कोणी घातलं नाही, कौतुक तर सोडाच. तिला पाहायला आलेल्या एका मुलाची आई कॉफीचा पेला खाली ठेवत म्हणाली होती, ‘‘मुलगी बरी आहे, पण मंडै केवढी मा.’’ मंडै म्हणजे डोकं. आत्यानं शांतपणे उत्तर दिलं, ‘‘तुमच्या मुलाची लहान आहे. मी कांही म्हटलें?’’ ते स्थळ गेलं. पुढची दोनचार तिच्या ‘पुरे’नं गेली. मग घरानं तिचं लग्न हा विषयच बंद केला आणि तिला मागच्या अंगणालगतची खोली दिली. ती खोली मिळाली म्हणून आत्या खूश होती, आणि ती खूश आहे याचा घराला राग होता.

डोक्याला कोणी हात लावलेला तिला मुळीच खपत नसे. दिवाळीच्या पहाटे आजी सगळ्यांना पाटावर बसवून टाळूवर तेल घालायची. आत्याची पाळी आली की ती डोकं मागे घ्यायची आणि तळहात पुढे करायची. आजी म्हणायची, ‘‘सणाच्या दिवशीं तरी मोठ्यांचा हात लागूं दे.’’ आत्या म्हणायची, ‘‘तेल द्या. हात नको.’’ माझ्या आठवणीतली एकही दिवाळी या संवादावाचून गेली नाही. घरच्यांनी याला हट्ट म्हटलं, घमेंड म्हटलं. हिला त्रास होत असेल, एवढी साधी गोष्ट त्या मोठाल्या डोक्यांपैकी एकातही शिरली नाही.

ती गावातल्या एका मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. छान शिकवायची, कारण न समजलेली गोष्ट शंभरदा विचारली तरी ती चिडत नसे. चिडायची ती गोंगाटावर. शाळेची घंटा नेमकी तिच्या वर्गाबाहेर टांगलेली. घंटा वाजली की ती दोन्ही कान दाबून भिंतीकडे तोंड करायची, आणि मुली खिदळायच्या. घंटा दुसऱ्या टोकाला हलवा म्हणून तिनं मुख्याध्यापिकाबाईंना अनेकदा विनवलं. बाईंनी हसण्यावारी नेलं. शेवटी आत्यानं एके सकाळी घंटेच्या लोलकाला जुन्या लुगड्याची चिंधी गच्च गुंडाळली. त्या दिवशी शाळेला मधली सुट्टी मिळाली नाही आणि आत्याची नोकरी गेली. मी कॉलेजात होते तेव्हाही ती मध्येच विचारायची, ‘‘शाळेंत दुसरा खांब नव्हता?’’ खांब होता. मी त्याच शाळेत शिकले, मी पाहिलाय.

माझ्यावर तिचा जीव होता, पण तो दाखवायची तिची रीत वेगळी. जवळ घेणं नाही, पाठीवरून हात फिरवणं नाही. मला ताप आला की ती खाटेपासून हातभर अंतरावर येऊन बसायची आणि न बोलता संध्याकाळपर्यंत बसून राहायची. ताप उतरला की उठून जायची. मी लग्न होऊन पुण्याला निघाले तेव्हा सगळी बायकामाणसं गळ्यात पडून रडत होती. आत्यानं मागच्या दारानं येऊन कॉफीच्या पुडीचा डबा माझ्या पिशवीत ठेवला आणि म्हणाली, ‘‘तिथें बरी कॉफी मिळत नाहीं म्हणतात. मग कां जातेस?’’ मला त्या गर्दीत खरं रडू आलं ते याच प्रश्नानं.

मग रघू झाला. रघू म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा, अण्णाचा मुलगा. आमचे आईवडील तोवर गेले होते, आणि घराचा कारभार काकांकडे होता. काका आत्याच्या पाठचे, पण पुरुष म्हणून घरात वडील. बाराव्या दिवशी काकांनी स्वतःच्या हातानं रघूला टोपडं घालायला घेतलं, आणि ते त्याच्या डोक्यात जाईचना. जोर केला तशी शिवण उसवली. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. टोपडं फाडणारा मुलगा आमच्या घरात आजवर झाला नव्हता. त्या दिवशी साऱ्या गल्लीत लाडू वाटले गेले. पुढे चेन्नैच्या डॉक्टर ज्या डोक्याकडे पाहून गंभीर झाल्या, ते डोकं आम्ही तुपाच्या लाडवांनी साजरं केलं होतं.

रघू दोन वर्षांचा झाला तरी बोलेना. हाक मारली तर पाहीना. पंख्याकडे तासन्‌तास बघत राही आणि मिक्सर लावला की किंचाळत घरभर पळे. घरानं गुन्हेगार लगेच शोधला. सुधावैनी, रघूची आई. तिनं गरोदरपणी लॅपटॉपवर काम केलं. ती पोराशी मराठी आणि तमिळ दोन्ही बोलते, म्हणून ते गोंधळलं. आणि सगळ्यांत मोठा आरोप, तिनं तिरुक्करुगावूरच्या अंबेचं तेल नीट लावलं नसणार. आमच्या भागात गर्भारपणी बायका त्या देवळातलं तेल आणून पोटाला लावतात. वैनी पोटुशी असताना उन्हातान्हात बसनं जाऊन ते तेल घेऊन आली होती आणि रोज लावत होती. हे सांगितल्यावर काका तिच्या तोंडावर म्हणाले, ‘‘लावलंस गे, पण भक्तीनें लावलं नसशील.’’ यावर त्या बाईनं काय पुरावा द्यायचा होता? अण्णा तिथेच वर्तमानपत्र वाचत बसला होता. त्यानं पान उलटलं.

उत्तर दिलं ते आत्यानं. ‘‘वेंकटा, तूं तेव्हां तिच्या मनांत बसला होतास? पुरे.’’ पण या खेपेला ती उठून आत गेली नाही. तिथेच बसून राहिली आणि काकांना उठून जावं लागलं.

रघूशी तिचं कसं जमलं हे घरात कोणी विचारलंच नाही, कारण दोघेही कोणाच्या खिजगणतीत नव्हते. पितळेच्या भांड्यांना आमच्याकडे तोटा नाही. आत्या मागच्या अंगणात जुनं लुगडं घडी करून अंथरायची, आवाज होऊ नये म्हणून, आणि त्यावर पातेल्याचं झाकण भोवऱ्यासारखं फिरवायची. ते डगमगत थांबलं की ती गप्प बसायची. मग रघू फिरवायचा. मग ती. तो हसायचा, ती हसायची, पण एकमेकांकडे बघत कोणीच नसे. वैनी एकदा रडकुंडीला येऊन म्हणाली, ‘‘आत्या, हा बोलेल का हो कधीं?’’ आत्या म्हणाली, ‘‘बोलतो आहे की. तुम्ही तोंडाकडे पाहतां, हात कोण पाहील?’’ वैनीनं मला फोनवर हे सांगितलं आणि म्हणाली की त्या घरात एवढं एकच वाक्य तिच्या बाजूनं बोललं गेलं.

रघू चार वर्षांचा असताना अण्णा आणि वैनी त्याला चेन्नैला घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरबाईंनी आधी टेप काढून रघूचं डोकं मोजलं, मग अण्णाला खाली बसवून त्याचं. घरात आणखी कोणाचं असं डोकं आहे का, हे विचारलं. अण्णानं अभिमानानं पागोट्याची गोष्ट सांगितली. बाईंनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि दोघांचं रक्त तपासायला पाठवलं. मोठ्या डोक्याचं प्रत्येक मूल ऑटिस्टिक नसतं, आणि ऑटिझम असलेल्या प्रत्येक मुलाचं डोकं मोठं नसतं, त्या म्हणाल्या. पण दोन्ही एकत्र दिसलं की काही ठरावीक जनुकं बघावी लागतात. त्यातलं एक जनुक शरीरातल्या पेशींच्या वाढीला लगाम घालतं. रघूमध्ये तो लगाम सैल निघाला. अण्णामध्येही तोच सैल निघाला. म्हणजे तेल नाही, लॅपटॉप नाही, दोन भाषा नाहीत. आमच्या घराण्याची ती सुप्रसिद्ध डोकी.

बाईंनी पुढचं सांगितलं ते फार महत्त्वाचं होतं. लगाम सैल असलेल्या माणसांना डोक्याशिवाय इतर ठिकाणीही वाढ होऊ शकते. गळ्यात गाठी येतात, बायकांना छातीत येतात. म्हणून वडिलांच्या बाजूच्या सगळ्या रक्ताच्या नातेवाइकांनी तपासून घ्यावं, बायकांनी आधी, आणि लवकर. अण्णानं मान डोलावली. घरी येऊन त्यानं हे फक्त काकांना सांगितलं. काकांच्या मुलीचं, वैदेहीचं, लग्न तेव्हा ठरत होतं. मुलगा बेंगळुरूचा, पत्रिका जुळलेली. काका म्हणाले, ‘‘लग्न होईपर्यंत हा शब्द या घरांत निघतां कामा नये.’’ आणि अण्णानं वैनीचा हात रघूच्या डोक्यावर ठेवून तिला शपथ घातली. मला फोनवर काय कळलं? रिपोर्टात काही नाही, सगळं नॉर्मल.

लग्न लांबलं. मुलाची आजी गेली, सुतक आलं, वर्ष पाळायचं ठरलं. वर्षानं लग्न झालं, तर काका म्हणाले, वैदेही तिकडे नवी सून आहे, तिला रुळू द्या. ती रुळली, तर तिला दिवस गेले, मग आता बोलणं अशुभ. या सगळ्या काळात काका सुधावैनीला तेलावरून बोलतच होते. त्यांना खरं माहीत होतं. माहीत असून बोलत होते. एखादा माणूस अडाणीपणानं छळतो ते मी समजू शकते, पण याला काय म्हणायचं ते मला अजून सापडलेलं नाही. आणि ज्या पोरीच्या भल्यासाठी हे चाललं होतं, तिलाही तपासायला नको का, हा प्रश्न त्या माणसाला बाप असून पडला नाही.

वैदेही बाळंतपणाला माहेरी आली आणि तिला मुलगा झाला. बारशाला मी पुण्याहून गेले होते. ओसरीवर तिच्या सासरची माणसं बसलेली, नादस्वरवाले येऊन वाजवून गेलेले. त्या आवाजामुळे आत्या रघूला घेऊन आतल्या दाराशी होती. लेकीचा मुलगा असूनही काकांनी घराण्याचं टोपडं पेटीतून काढायला लावलं. शिवण नव्यानं घातलेली होती. ते बाळाला बरं बसलं. काका व्याह्यांकडे वळून म्हणाले, ‘‘हें आमच्या घराण्याचं डोकं. आई नीट राहिली तर मूल नीट होतं.’’ आणि हे म्हणताना त्यांनी सुधावैनीकडे पाहिलं.

वैनीच्या हातात हळदीकुंकवाचं तबक होतं. ते तिनं खाली ठेवलं. ‘‘मी शपथ पाळली,’’ ती म्हणाली. ‘‘लग्न जालं. बाळही जालं. आतां डॉक्टरांनीं सांगितलं तें सांगतें.’’ अण्णा ‘‘सुधा, सुधा’’ करत उठला, पण ती थांबली नाही. रघूचं जे आहे ते याच घराण्याच्या डोक्यांतून आलंय, तिनं सगळ्यांसमोर सांगितलं. रक्ताच्या सगळ्या माणसांना तपासायला बोलावलं होतं. बायकांना आधी.

‘‘बायकांना आधीं कां?’’ आतल्या दारातून आत्यानं विचारलं.

‘‘छातींत गाठी येऊं शकतात म्हणून, आत्या.’’

आत्या पुढे आली. डाव्या बाजूला हात ठेवून, मिरच्यांची बरणी कुठे आहे ते सांगावं तशा आवाजात ती म्हणाली, ‘‘मजला आहे. दिवाळीपासून आहे. दुखत नाहीं म्हणून कोणास सांगितलं नाहीं.’’ मग ती काकांकडे वळली. ‘‘वेंकटा, तुजला हें ठाऊक होतं?’’

काका म्हणाले, ‘‘अक्का, पाहुणे बसले आहेत. मग बोलूं.’’

हे वाक्य मी विसरणार नाही. सख्खी थोरली बहीण छातीत गाठ आहे म्हणून सांगतेय, आणि या माणसाला पाहुणे दिसत होते. वैदेहीनं मांडीवरच्या बाळाच्या डोक्यावरचं टोपडं काढलं आणि बाजूला ठेवून दिलं.

दुसऱ्याच दिवशी मी आणि वैनी आत्याला घेऊन चेन्नैला गेलो. रेल्वेत ती कानात कापसाचे बोळे घालून खिडकीकडे तोंड करून बसली होती. डॉक्टरबाईंनी टेप काढली. मी सांगायला लागले की हिला डोक्याला हात लावलेला चालत नाही. आत्या म्हणाली, ‘‘लावूं दे. रघूच्या कामाचं आहे.’’ तिनं डोळे मिटले आणि माझं मनगट धरलं. टेप कपाळावरून मागे जाऊन पुन्हा पुढे येईस्तोवर तिची नखं माझ्या कातडीत रुतली होती. आम्ही सगळ्यांनी मिळून जिला घमेंडखोर ठरवलं होतं, तिनं त्या चिमुरड्यासाठी एवढं सोसलं.

बाईंनी तिला ऑटिझम म्हणजे काय ते समजावून सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं, एकदाही ‘पुरे’ म्हणाली नाही. मग म्हणाली, ‘‘हें तर मजलाही आहे.’’ बाई म्हणाल्या, असेल, बहुधा आहे, या वयात आता नाव द्यायची गरज नाही. आत्यानं विचारलं, ‘‘मग शाळेंतून मजला कां काढलं?’’ बाईंना काही उत्तर देता आलं नाही. त्यांनी तसं कबूल केलं, म्हणून आत्याला त्या आवडल्या.

रक्तात तेच निघालं. आणि गाठ छातीपुरती राहिलेली नव्हती. पहिल्याच वर्षी आला असतात तर, असं बाई बोलून गेल्या आणि मध्येच थांबल्या. मी वाक्य पुरं करून मागितलं. त्या म्हणाल्या, तेव्हा ती बहुधा नसतीच, नाहीतर अगदी लहान असताना सापडली असती.

औषधांनी केस गेले. आत्यानं आरशात पाहिलं आणि म्हणाली, ‘‘बरं जालं. तेल लाव म्हणणारे आतां गप्प.’’ ती असं बोलायची आणि आम्ही हसायचो, पण ती संतमाणूस नव्हती आणि मी तिला तशी रंगवणार नाही. ती संतापलेली होती. काका देवळातलं कुंकू घेऊन तिच्या खाटेशी आले आणि म्हणाले, ‘‘अक्का, माझा हेतु वाईट नव्हता.’’ ती म्हणाली, ‘‘हेतूचं मी काय करूं?’’ आणि भिंतीकडे वळली. मग घरात कुजबूज सुरू झाली, की मरणाच्या दारात माणसानं माफ करावं, मन मोकळं करावं. काकूंनी मलाही गळ घातली, तू सांग, तुझं ऐकेल. मी सांगितलं नाही. तिनं माफ केलं नाही याचा मला आनंद आहे.

शेवटच्या खेपेस मी गेले तेव्हा ती फार क्षीण झाली होती. तिला एकाच गोष्टीची काळजी होती. ती म्हणाली, ‘‘रघूबरोबर बसशील तेव्हां त्याच्या तोंडाकडे पाहूं नको. झांकणाकडे पाहा. थांबलं तरी लगेच उचलूं नको, त्याला उचलूं दे.’’ मी हो म्हटलं. तिनं मला रघूजवळ जाऊन बसून यायला लावलं, आणि मी नीट बसते की नाही ते खिडकीतून पाहिलं. आठवडाभरानं, दुपारी, वैनी शेजारी असताना ती गेली. तेराव्याला काका जेवणाऱ्यांना वाढायचा आग्रह करत सांगत होते की अक्काचं सोनं झालं, वय झालंच होतं, देवानं फार हाल केले नाहीत. पंगतीत मोठ्यांदा बोलू नये, पण मी बोलले. वय झालं नव्हतं, म्हटलं, आणि हाल देवानं केले नाहीत. त्या वेळी पुष्कळांनी पानातून डोकं वर काढलं नाही.

वैदेही पुढच्या महिन्यात आपणहून चेन्नैला गेली, नवऱ्याला सोबत घेऊन, वडिलांना न विचारता. तिच्यात ते नाही. बाळातही नाही. ज्या लग्नासाठी आत्याला अंधारात ठेवलं, त्या लग्नात लपवण्यासारखं काही नव्हतंच. तपासून घेतलं असतं तर महिन्याभरात कळलं असतं. हे ऐकलं त्या दिवशी मी घरातल्या घरात येरझाऱ्या घालत होते. नवरा म्हणाला, आता शांत हो. त्यालाही दोन शब्द ऐकावे लागले.

माझ्यात ते आहे. आता मला दर वर्षी तपासून घ्यावं लागतं. या वर्षी गळ्यात एक बारीक गाठ दिसली, पुण्यात ऑपरेशन झालं, निघाली. डॉक्टर म्हणाले, ‘‘वेळेवर आलात.’’ त्यांना मी काही सांगत बसले नाही, पण मला त्या दोन शब्दांचा आनंद झाला नाही, संताप आला. ही वेळ मला आत्यामुळे मिळाली, आणि तिची तिला मिळू दिली नाही.

घरी आल्यावर काकांचा फोन आला. तब्येतीची चौकशी केली, जपून राहा म्हणाले. मग आवाज खाली करून म्हणाले, ‘‘बाहेर फार बोलूं नको हं. घराण्याचं नांव आहे.’’

मी फोन ठेवला आणि हे लिहायला बसले. मराठीत लिहून झालं की तमिळमध्ये लिहिणार आहे, म्हणजे आमच्या गल्लीत सगळ्यांना वाचता येईल.